राष्ट्रीय सरासरीच्या खाली राहण्याची कला

आपले शहर सुरक्षित आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी पोलिसांची आहे, असा आपला समज असेल तर तो आजच सोडून द्यावा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षी दिल्लीहून जो अहवाल काढतो, त्यात दर लाख लोकसंख्येमागे नोंदवलेल्या गुन्ह्यांचा दर दिलेला असतो. दंड विधान आणि विशेष कायदे मिळून तो २०२२ मध्ये देशभरासाठी ४२२.२ होता आणि २०२३ मध्ये ४४८.३ झाला. या आकड्याच्या खाली राहायचे असेल तर ‘नोंदवलेल्या’ या एका शब्दाकडे लक्ष द्यावे, कारण गुन्हा घडणे हे चोराच्या हाती असले तरी तो न नोंदवणे हे सर्वस्वी आपल्या हाती आहे.

हे मर्म मला फार उशिरा, आठवडे बाजारात भरताची वांगी निवडताना खिशातला मोबाइल गेला तेव्हा उमगले. मी अडाणीपणाने थेट पोलीस ठाण्यात गेलो आणि ‘मोबाइल चोरीला गेला’ असे सांगितले. समोरच्या अंमलदारांनी अत्यंत सौजन्याने, खुर्ची पुढे करून विचारले, “भाऊ, चोरताना तुम्ही स्वतः पाहिलं का?” मी नाही म्हणालो. “मग चोरला कशावरून म्हणता? गहाळ लिहा, नवीन सिमकार्डाला दाखला लगेच मिळून जाईल.” मी गहाळ लिहिले, दाखला दहा मिनिटांत मिळाला आणि माझ्या शहरातला एक गुन्हा वांग्यांच्या ढिगाऱ्यात विरून गेला. दखलपात्र, म्हणजे पोलिसांना थेट तपास करता येणाऱ्या, गुन्ह्याची माहिती मिळाल्यास तो नोंदवलाच पाहिजे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी प्रकरणात २०१३ साली दिलेला आहे. परंतु ज्यांनी आपल्याला खुर्ची दिली त्यांच्यापुढे असला विषय काढणे आपल्या खान्देशी रीतीला शोभत नाही.

शेतकरी बांधवांना या बाबतीत शिकवण्यासारखे फारसे काही नाही. विहिरीवरच्या मोटारीची केबल रात्रीतून कापून नेली, ठिबकच्या नळ्या गुंडाळून नेल्या किंवा कापणीला आलेले केळीचे घड कोणी उतरवून नेले, तरी ते तालुक्याच्या ठाण्यापर्यंतचे पेट्रोल, पंचनाम्यासाठी पाहावी लागणारी वाट आणि नव्या केबलचा भाव यांचा हिशेब मनातल्या मनात मांडून सरळ केबलच विकत आणतात. शहरी माणसाने त्यांचा कित्ता गिरवावा.

आता भागाकाराकडे वळू. अहवालात स्वतंत्र ओळ मिळते ती वीस लाखांहून अधिक वस्तीच्या महानगरांना. जळगाव शहराची वस्ती २०११ च्या जनगणनेत सुमारे ४ लाख ६० हजार आणि धुळ्याची सुमारे पावणेचार लाख होती, तेव्हा ही शहरे आपापल्या जिल्ह्याच्या आकड्यांत सुखाने दडलेली असतात. जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या त्याच जनगणनेत ४२ लाखांच्या वर होती. म्हणजे शहरातल्या चौकात एखाद्या बाईच्या गळ्यातली पोत तोडली गेली, तर त्या गुन्ह्याचा भार रावेर-यावलच्या केळीबागांत राबणारी माणसेही थोडाथोडा उचलतात. एवढा एकोपा आपल्याकडे लग्नाच्या पंगतीतही दिसत नाही.

ज्यांना छोट्या शहराचाच आकडा वेगळा काढून मिरवायचा आहे, त्यांनी मात्र जपून असावे. देशात २०२२ मध्ये खुनाचा दर लाखामागे २.१ होता. लाखभर वस्तीच्या, म्हणजे चाळीसगावएवढ्या एखाद्या गावात वर्षभरात दोन खून झाले तर आपण देशाच्या बरोबरीने चाललो आहोत. एकच झाला तर शहर देशाच्या दुप्पट सुरक्षित ठरले, म्हणून फलक लावावा. आणि बांधाच्या वादात दोन भाऊबंद एकमेकांवर धावून गेल्याने तो आकडा चारवर गेला, तर त्या वर्षी दराचा विषयच टाळून तापमानावर बोलावे. वादी-प्रतिवादींनीही शक्यतो डिसेंबर उलटेपर्यंत दम धरावा.

खिसा कापला जाणे अटळच असेल, तर तो भुसावळच्या फलाटावर कापला जाईल असे पाहावे. तिथला गुन्हा लोहमार्ग पोलिसांच्या खात्यावर पडतो आणि त्यांचा हिशेब वेगळा असतो, त्यामुळे स्थानकाच्या कमानीबाहेर पाऊल टाकेपर्यंत पाकीट सांभाळण्याची मुळीच घाई करू नये. चोरांनाही एक नम्र विनंती आहे: एकाच घरात एकाच रात्री जे काय करायचे ते उरकून घ्यावे. एका प्रकरणात अनेक कलमे लागली तरी मोजणीत सर्वांत गंभीर गुन्हाच धरला जातो, बाकीचे फुकटात जातात.

ज्यांचा अजूनही आकड्यांवर विश्वास बसत नाही, त्यांनी २०२० साल आठवावे. सारा देश दाराला कडी लावून बसलेला असताना गुन्ह्यांचा दर आदल्या वर्षीच्या ३८५.५ वरून ४८७.८ वर गेला, कारण आदेशभंगाच्या कलम १८८ खालील प्रकरणे सुमारे २९ हजारांवरून सहा लाखांच्या पुढे गेली होती. मेथीची जुडी आणायला निघालेला माणूस त्या वर्षी राष्ट्रीय सरासरी वाढवत होता. हातभट्टीवर किंवा जुगाराच्या अड्ड्यावर धाडी घालणारा उत्साही अधिकारी शहरात बदलून आला, तरी असेच संकट ओढवते; निवांत अधिकाऱ्याच्या काळात शहर कसे सज्जन दिसते. तक्रार लिहून घेण्याची सोय चांगली असलेल्या केरळसारख्या राज्याचा दर मोठा दिसतो, तेव्हा तिथल्या लोकांची मनापासून कीव करावी. गुन्हे वाढणे आणि गुन्ह्यांची नोंद वाढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असा खुलासा अहवालात आहे खरा, पण ते पान सरळ उलटून टाकावे.

एवढी तयारी झाली की पुण्याची मंडळी स्थळ पाहायला आली तरी चिंता नाही. “तुमच्याकडे वातावरण कसं आहे?” असे त्यांनी विचारले, की कळण्याची भाकरी वाढता वाढता सरासरीचा आकडा सांगावा. जाताना त्यांनी मोबाइल नंबर मागितला तर नवा द्यावा आणि जुन्यावर फोन लागत नाही असे ते म्हणाले, तर तो गहाळ झाला आहे एवढेच सांगून पाहुण्यांना गाडीपर्यंत सोडायला स्वतः जावे, कारण संध्याकाळनंतर त्या गल्लीत दिवे नसतात.