बाकावरची वीतभर जागा

परवा आमच्या एका ग्रुपवर कुणीतरी विचारलं, "लाख-लाख लोकांची स्टेडियमं हवीतच कशाला? घरी टीव्हीवर जास्त चांगलं दिसतं." तिथे मी गप्प बसले, पण तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीये. आज सविस्तर लिहितेच.

मी राहते ॲन आर्बरला, मिशिगन राज्यात. गावाची वस्ती सव्वा लाखाच्या आतच. आणि गावातल्या मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉल मैदानात (हा अमेरिकन फुटबॉल, आपला पायाने खेळायचा नव्हे) जागा किती? १,०७,६०१. म्हणजे आपली तीन वानखेडे त्यात मावतात आणि वर थोडी जागा उरते. इथून तासाभरावर डेट्रॉईटमध्ये व्यावसायिक संघ खेळतो, त्याचं मैदान ६५ हजारांचं. पगारी खेळाडूंपेक्षा कॉलेजच्या पोरांना बघायला जास्त लोक येतात, हे भारतातून आलेल्या माणसाला पहिल्यांदा खरंच वाटत नाही. मलाही वाटलं नव्हतं. ८ नोव्हेंबर १९७५ पासून इथे एकाही घरच्या सामन्याला लाखाच्या खाली गर्दी उतरलेली नाही. अपवाद फक्त २०२० चा, कोविडमुळे दारंच बंद होती म्हणून.

आण्णा, म्हणजे माझे वडील, कोल्हापूरहून आले होते तेव्हा त्यांना एक सामना दाखवायचाच असं मी ठरवलं होतं. २८ सप्टेंबर २०२४, शनिवार, समोर मिनेसोटा विद्यापीठाचा संघ. सामना दुपारी बाराचा, पण आम्ही आठलाच घराबाहेर पडलो. कारण सामना बाराला सुरू होत असला तरी शनिवार पहाटेच सुरू होतो. स्टेडियमच्या आसपासच्या घरांतली माणसं अंगणात पुठ्ठ्याच्या पाट्या घेऊन उभी असतात आणि हिरवळीवर गाड्या लावून घेतात. समोरच्या शाळेचं पटांगण आणि विद्यापीठाचं गोल्फचं मैदान, सगळीकडे गाड्याच गाड्या. डिक्या उघडलेल्या, शेगड्या पेटलेल्या, धूर, आमच्या संघाच्या मक्याच्या पिवळ्या आणि निळ्या रंगाचे कपडे, पोराटोरांची पळापळ. ओळखदेख नसताना लोक हातात खायचं ठेवतात. आमच्या डिकीतही चिवडा आणि तिखटमिठाच्या पुऱ्या होत्या. शेजारच्या गाडीतल्या आजोबांनी चिवडा तीनदा मागून घेतला. आण्णा सगळीकडे बघत हळूच म्हणाले, "जोतिबाची चैत्री यात्राच हाय की ही. गुलाल तेवढा नाही."

मग चालत निघालो. या स्टेडियमची एक गंमत आहे. दोन्ही बाजूंना विटांचे उंच मनोरे २०१० मध्ये उभे राहिले, पण टोकाच्या बाजूने आलात तर समोर फार काही दिसतच नाही. आण्णांचा चेहरा पडलेला मला कळला. "एवढंसंच?" मी काही बोलले नाही. तिकीट दाखवलं, आत गेलो, चार पावलं टाकली आणि आण्णा जागच्या जागी थांबले. मागून माणसं येत होती, मी त्यांना बाजूला ओढलं, तरी नजर हलेना. मैदान पायाखाली, खूप खोल. आपण वरच्या कडेला उभे आणि खाली नव्वदेक रांगा उतरत गेलेल्या. हे मैदान जमीन खोदून तयार केलंय, त्यातलं बरंचसं जमिनीच्या पातळीखाली आहे. आत जाताना आपण चढत नाही, उतरतो.

"अरं, ही तर खासबाग!" आण्णा म्हणाले.

आण्णांचं सगळं तरुणपण खासबाग मैदानात कुस्त्या बघण्यात गेलेलं. शाहू महाराजांनी ते मैदान बांधून घेतलं, १९१२ मध्ये ते खुलं झालं. महाराज १९०२ च्या परदेश दौऱ्यात रोमचं जुनं क्रीडागार बघून आले होते, त्यावरून ही कल्पना आली असं कोल्हापुरात लहान पोरगंही सांगतं. मधोमध आखाडा, भोवती गोल उतरती बैठक. कुठल्याही कोपऱ्यात बसा, पैलवानाचा पट दिसतो. तालमीच्या पोरापासून गाडीवानापर्यंत सगळ्यांना दिसतो.

आण्णांचं ते एक वाक्य ऐकलं आणि इतकी वर्षं या मैदानात येऊनही जे मला नीट मांडता आलं नव्हतं, ते सुटं झालं. इथले फील्डिंग योस्ट, आधी कोच आणि नंतर विद्यापीठाच्या सगळ्या खेळांचे प्रमुख, यांनी येल विद्यापीठाचं १९१४ चं वाडग्यासारखं मैदान डोळ्यांपुढे ठेवून हे उभारलं. १९२७ साली. पैसा करदात्यांकडून घेतला नाही, ५०० डॉलरचे ३,००० रोखे काढून लोकांना विकले, आणि रोखे घेणाऱ्याला तिकिटाची हमी दिली. तेव्हा जागा होत्या ७२ हजार. पण हा माणूस असा दूरदृष्टीचा, की पुढे लाखाच्या वर जागा वाढवता येतील असा पाया त्याने तेव्हाच घालून ठेवला. लोक येणार, आणखी येणार, त्यांना जागा करून द्यायला हवी, हा विचार त्यात होता.

आता बाकांविषयी, कारण माझा सगळा जीव तिथे अडकलाय.

तिथे बहुतेक ठिकाणी खुर्च्या नाहीत. लांबच लांब ॲल्युमिनियमचे बाक, त्यावर नंबर रंगवलेले. दोन नंबरांमधलं अंतर म्हणजे तुमची जागा. सप्टेंबरात ठीक असतं. नोव्हेंबरात प्रत्येक जण जाड कोट घालून दीडपट झालेला असतो, तेव्हा रांगेतल्या शेवटच्या माणसाने बसायचं म्हटलं तर अख्ख्या रांगेला श्वास आत घ्यावा लागतो. कुणी मधून उठलं की वीस माणसं गुडघे वळवतात. आण्णांचे गुडघे आधीच कुरकुरणारे, पायऱ्या उतरतानाच मला धास्ती होती. आमच्या शेजारी सत्तरीच्या पुढच्या एक बाई होत्या. त्यांनी आण्णांकडे एकदा पाहिलं आणि स्वतःच्या बुडाखालच्या जाड पुठ्ठ्याच्या दोन घड्यांमधली एक काढून दिली. गार धातूवर बसलं की कंबर धरते, हे त्यांनी खुणेनेच सांगितलं. आण्णांना इंग्रजी फारसं येत नाही, बाईंना मराठीचा गंध नाही. पुढचे साडेतीन तास दोघं एकमेकांना कोपराने ढोसून मैदानावरचं दाखवत होते.

हे खुर्चीवर होत नाही. खुर्चीला हात असतात, आणि हात आला की माझं-तुझं आलं. मी गाद्यांच्या खुर्च्यांवर बसूनही सामने पाहिलेत, एकदा ओळखीच्यांच्या कृपेने काचेमागच्या खोलीतूनही पाहिलाय. तिथे खायला उत्तम होतं, ऊब होती, आणि अर्धे लोक मैदानाकडे पाठ करून गप्पा मारत होते. बाहेर लाख माणसं ओरडत होती आणि आत ते एखाद्या दूरच्या धबधब्यासारखं ऐकू येत होतं. मला रडूच यायचं बाकी राहिलं.

आणि म्हणून आता जे चाललंय त्याची मला खरोखर काळजी वाटते. अनेक विद्यापीठांत बाक काढून रुंद खुर्च्या बसतायत, वरच्या रांगा जाऊन तिथे पैसेवाल्यांच्या खोल्या येतायत. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने तर आपलं ४७ हजारांचं जुनं मैदान पाडून ३५ हजारांचं नवं बांधायला घेतलं. त्यांचं कारण मला समजतं. विद्यापीठ लहान, रांगा रिकाम्या दिसायच्या, नवीन मैदानात प्रेक्षक खेळाच्या जवळ येतील, आवाज घुमेल. त्यांच्यापुरतं ते बरोबर असेलही. पण जिथे शनिवारी मुंगीलाही जागा उरत नाही, तिथेही हेच वारं शिरलं, तर शेवटच्या रांगेतलं स्वस्त तिकीट काढणारा माणूस जाणार कुठे? बऱ्याच ठिकाणी तर सीझनचं तिकीट मिळवायचं तर आधी वेगळी देणगी भरा, मग तिकिटाचे पैसे भरा, असा प्रकार आहे. त्यात २०२५ पासून विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देता येतात, पहिल्या वर्षी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. खेळाडूंना मिळायलाच हवेत, इतकी वर्षं त्यांच्या जिवावर सगळे जगले. पण तो भार वरच्या रांगेवर टाकू नका, एवढंच माझं म्हणणं.

एका कारणासाठी मात्र बाक काढले तर मी टाळ्या वाजवीन. २००७ मध्ये अर्धांगवायू झालेल्या माजी सैनिकांच्या संघटनेने याच मैदानावरून विद्यापीठाला कोर्टात खेचलं होतं, चाकाच्या खुर्चीसाठी पुरेशी जागा नव्हती म्हणून. २००८ मध्ये तडजोड झाली, जागा करून दिल्या, आणि त्या वर्षी स्टेडियमची क्षमता १,०७,५०१ वरून १,०६,२०१ वर आली. तेराशे जागा कमी झाल्या. त्या कमी झाल्या म्हणून मैदान लहान झालं असं मी कधीच म्हणणार नाही. आण्णांना पायऱ्या उतरवताना माझा हात किती घट्ट होता ते मला माहीत आहे.

क्षमतेचा आकडा एकवर का संपतो, हे आण्णांनी विचारलंच. सवयच ती. १९५६ मध्ये मैदान वाढवलं तेव्हा आकडा झाला १,०१,००१. ती वरची एक जागा फ्रिट्झ क्रिस्लर यांची. ते इथले मोठे कोच आणि नंतर क्रीडाप्रमुख. ती जागा नेमकी कुठे आहे हे कुणालाच सांगितलेलं नाही. पुढे कितीदा बांधकाम झालं, आकडा बदलला, पण त्यांची एक जागा राहिली. आण्णांनी हे ऐकून घेतलं आणि बराच वेळ समोरच्या बाजूच्या गर्दीवरून नजर फिरवत राहिले, जणू शोधतायत.

मिनेसोटाशी सामना असला की जिंकणाऱ्याला मिळतो पाण्याचा एक जुना बुधला. १९०३ मध्ये हेच योस्ट कोच असताना मिशिगनचा संघ मिनेसोटातल्या मिनियापोलिसला गेला, पाण्यासाठी तीस सेंटला बुधला विकत घेतला, सामना ६-६ बरोबरीत सुटला आणि बुधला तिथेच राहिला. मिनेसोटावाल्यांनी तो रंगवून ठेवला, हवा असेल तर जिंकून न्या म्हणाले. आजही तो इकडून तिकडे फिरतोय. चांदीच्या गदेसाठी लोक जीव टाकताना पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागलं नाही. त्या दिवशी आम्ही २४-३ असे पुढे होतो, सगळे निवांत, आणि मग मिनेसोटाने असं काही धरलं की शेवटी २७-२४ वर जीव भांड्यात पडला. शेजारच्या बाईंनी आण्णांचा दंड इतका आवळला होता की रात्री वळ दिसत होता.

आण्णांची एकच तक्रार होती, आणि ती माझीही आहे. मैदानाच्या कडेला एक लाल टोपीवाला माणूस उभा राहतो. तो पुढे आला की खेळ थांबला, टीव्हीवर जाहिराती सुरू. तो मागे हटेपर्यंत लाख माणसं आणि दोन संघ नुसते उभे. "पैलवानानं पट काढलाय आणि पंच म्हणतोय थांबा, आधी तेलाची जाहिरात करू. चालंल का?" आण्णा म्हणाले. नाही चालणार. साठ मिनिटांच्या खेळाला साडेतीन तास लागतात, आणि माणूस घरी बसणं पसंत करतो तो बाकामुळे नाही, या खोळंब्यामुळे. विद्यापीठांनी खुर्च्यांवर खर्च करण्यापेक्षा टीव्हीवाल्यांशी करार करताना हे ताणून धरावं.

मोठं म्हणजेच चांगलं, असा माझा हट्ट नाही. आयोवा सिटीच्या विद्यापीठाचं मैदान ६९ हजारांचं आहे, पण तिथे जे पाहिलं ते कुठेच नाही. मैदानाला लागून मुलांचं हॉस्पिटल, वरच्या मजल्यांच्या काचांतून मैदान दिसतं. २०१७ पासून खेळाची पहिली पंधरा मिनिटं संपली की सगळं स्टेडियम उठतं, मैदानाकडे पाठ करतं आणि त्या खिडक्यांकडे हात हलवतं. खेळाडू, पंच, पाहुण्या संघाचे लोकसुद्धा. मी पाहुण्यांच्याच रंगात होते. वर काचेला टेकून एक चिमुकला हात हलत होता. एकोणसत्तर हजार माणसं एका पोराला हात करतायत. टीव्हीवर हे दाखवतात, मी पाहिलंही होतं. तिथे उभं राहिल्यावर मात्र हात खाली घ्यावासा वाटेना.

ग्रुपवरच्या त्या प्रश्नाला माझं उत्तर हेच. टीव्हीवर चेंडू चांगला दिसतो, मान्य. बाकी काही दिसत नाही.

आण्णा आता कोल्हापुरात असतात. मोसम सुरू झाला की रविवारी सकाळी त्यांचा फोन येतो, आधी स्कोअर विचारतात, मग माझी तब्येत. त्या बाईंची जागा अजून आमच्या शेजारीच आहे, आणि दर मोसमात पहिल्या सामन्याला त्या "युवर फादर?" असं विचारतात.

ॲन आर्बर-डेट्रॉईट भागातल्या मंडळींसाठी: यंदाच्या एका सामन्याची माझ्याकडे दोन तिकिटं जास्तीची आहेत, वरच्या रांगेतली, बाकावरची. कुणाचे आई-वडील भारतातून आलेले असतील तर त्यांना आधी देईन. मेसेज करा. जाड पुठ्ठा मी आणते.