चार कार्बोरेटर आणि दोनच हात

जुन्या चार सिलिंडरच्या मोटरसायकलचे कार्बोरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारी यंत्रं, काढायला गेलं की पहिला प्रश्न: ते कशाने धरलेले असतात? कागदावरचं उत्तर: आठ क्लॅम्पने. हे साफ खोटं आहे. आठही क्लॅम्प ढिले करा, चारही कार्बोरेटर एका रांगेत मख्ख बसून राहतात. त्यांना खरं धरून ठेवतं ते वर्षानुवर्षं इंजिनाच्या उष्णतेत शेकून लाकूड झालेलं रबर. पुढे इंजिनाची चार रबरं, मागे एअरबॉक्सची, म्हणजे हवेच्या फिल्टरच्या पेटीची, चार, आणि कार्बोरेटरची तोंडं दोन्हीकडे आत घुसलेली. इंजिनातून सुटायचं तर मागे सरकायला हवं, आणि मागे एअरबॉक्स छाती काढून उभा. माझ्या मते हे भांडण जोराचं नाहीच, जागेचं आहे. पण माणूस पहिल्यांदा जोरच लावतो. माणूसच तो.

टाकी उतरवणं, बॅटरीची वायर काढणं ही कामं पटकन उरकतात. पेट्रोल मात्र घाईत विसरू नये. प्रत्येक कार्बोरेटरच्या तळाच्या वाटीला एक ड्रेन स्क्रू असतो. चारही वाट्या बाटलीत रिकाम्या करायच्या, नाहीतर ऐन झटापटीत ते पेट्रोल थेट बाहीत उतरतं. नळ्यांना चिकटपट्टी लावून नंबर घालावेत. 'लक्षात राहील' म्हणणाऱ्याच्या हातात शेवटी एक नळी उरतेच.

मग क्लॅम्पचे स्क्रू. जुन्या जपानी गाड्यांवर हे दिसायला फिलिप्स, म्हणजे अधिकच्या चिन्हासारख्या खाचेचे, पण असतात जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या, मापाचे. साधा फिलिप्स त्यात पुरता बसत नाही. जोर दिला की वर चढतो आणि खाच गोल करून टाकतो. आतल्या दोन कार्बोरेटरच्या स्क्रूपर्यंत पोचायला लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर हवा. स्क्रू पूर्ण काढू नका, नाहीतर बारका नट इंजिनाच्या अशा फटीत जाऊन बसतो की तो तिथे आहे हे फक्त त्यालाच ठाऊक.

आता मुख्य युक्ती: एअरबॉक्सचे बोल्ट काढून तो जाईल तितका मागे ढकलायचा. आड येत असेल तर बॅटरीही काढायची. सेंटीमीटरभर जागा मिळाली तरी सोनं. मागच्या रबरांवर स्प्रिंगची कडी असेल तर ती आधी मागे सरकवायची. मग हेअर ड्रायरने इंजिनाकडची रबरं एकेक करून गरम करायची, बोट लावलं की दबेल इतकी. पेट्रोलचा वास पुरता गेल्याशिवाय मात्र ड्रायर चालू करू नये, नाहीतर रबराबरोबर बाकीचंही गरम होईल.

रबर मऊ असतानाच दोन्ही टोकांच्या कार्बोरेटरच्या अंगाला धरून रांग वर-खाली हलवत मागे ओढायची. डावी-उजवी पिळायची नाही. मधल्या पेट्रोलच्या जोडण्यांतले ओ-रिंग, म्हणजे रबराच्या बारक्या कड्या, दुखावतात आणि नंतर गळायला लागतात. तळाच्या वाट्यांना धरून ओढू नये, थ्रॉटलच्या लिंकेजला, म्हणजे चारही कार्बोरेटर एकत्र उघडणाऱ्या दांड्यांना, तर हातही लावू नये. स्क्रू ड्रायव्हर खुपसून उचकटणारे वीर असतात. मऊ धातूचा कान तुटला की वीरश्री तिथेच ओसरते. टेकू द्यायचाच तर लाकडाचा तुकडा घ्यावा आणि दोन्ही टोकांना आलटून पालटून थोडं थोडं रेटावं.

मग अचानक 'फटक्' असा आवाज येतो आणि रांग निम्मी सुटते. इथे आनंदाने हिसका मारू नका. थ्रॉटलच्या दोन केबल, एक उघडणारी आणि एक मिटणारी, अजून जोडलेल्या असतात. लॉकनट ढिले करून केबलच्या टोकाच्या गोळ्या थ्रॉटलच्या छोट्या चाकातून बाहेर काढायच्या, चोकची केबल सोडायची आणि मगच रांग बाजूने तिरकी करून बाहेर घ्यायची. कुठल्या बाजूने? ज्या बाजूला तुम्ही उभे नाही, साधारण त्या.

इंजिनाच्या चारही भोकांत लगेच स्वच्छ कापडाचे मोठे बोळे कोंबावेत. रबरं वाकवून चिरा पाहाव्यात. चिरेतून हवा शिरली की गाडी आयडलवर, म्हणजे थ्रॉटल न देता नुसती चालू असताना, वर-खाली नाचते आणि दोष बिचाऱ्या जेटवर, कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या बारीक भोकावर, जातो. तडकलेलं रबर बदलाच. नवं रबर असलं की परत बसवणं जवळजवळ सभ्य माणसाचं काम होतं: कडेला सिलिकॉन स्प्रे किंवा साबणाचं पाणी, ग्रीस अजिबात नाही, कारण त्याने रबर फुगतं. क्लॅम्पच्या स्क्रूची डोकी या वेळी तरी हात पोचेल अशी वळवून ठेवावीत. आणि कार्बोरेटर दाबण्याआधी बोळे मोजावेत. घातले चार, तर निघालेही चारच पाहिजेत.