‘न मरणारी माशी’ : द्राक्ष बागायतदारांसाठी खुलासा

निफाड-दिंडोरीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर मेसेज फिरतोय की नाशिकच्या एका प्रयोगशाळेत फवारणीनं न मरणारी फळमाशी तयार केली असून ती बागांत सोडणार आहेत. हा मेसेज माझ्या पीएचडीच्या कामावरून निघालाय आणि तो खोटा आहे. माशा कुठेही सोडल्या जाणार नाहीत. कीटकनाशकाशी या कामाचा संबंधच नाही.

काम असं आहे. ड्रोसोफिला या इवल्याशा माशीनं उतारवयात घातलेली अंडीच तेवढी पुढच्या पिढीसाठी ठेवायची. पिढ्यानपिढ्या हे केलं की माशा जास्त जगू लागतात. कॅनडात मायकेल रोझ या संशोधकांनी 1984 साली हे दाखवून दिलं. पण त्यांच्या दीर्घायुषी माद्या तरुणपणी कमी अंडी घालत, आणि मला खरं कुतूहल या देवाणघेवाणीचं आहे. आयुष्य वाढतं तेव्हा शरीर किंमत कशात मोजतं?

समजा यातली एखादी माशी निसटलीच, तरी उघड्या बागेत बहुतेक माशा म्हातारपण गाठण्याआधीच कोळी, मुंग्या, उन्हाला बळी पडतात. तिथे उशिरा अंडी घालणारी माशी मागेच पडेल.

शिवाय ड्रोसोफिला फुटलेल्या, आंबलेल्या मण्यांवर येते. निरोगी मण्याची साल तिला सहसा भेदता येत नाही. आंबा-पेरूला डंख मारणारी फळमाशी निराळी, तिचे सापळे लावत राहा. फुटके मणी बागेबाहेर नेऊन पुरा. या मेसेजला घाबरून जादा फवारणी मात्र करू नका, काढणीच्या तोंडावर तर मुळीच नको. औषधाचे अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाले तर निर्यातीचा माल नाकारला जातो.