दिसला का?

वसंतातल्या स्थलांतराच्या दिवसांत शहरातल्या बागेत पक्षी पाहायला जाणाऱ्या माणसाला सर्वांत जास्त पाहायला मिळतात ती पाने. त्याखालोखाल पुढे उभ्या असलेल्यांच्या पाठी, मग आपल्याच दुर्बिणीच्या भिंगावरचा बोटाचा ठसा, आणि पक्ष्यांचा क्रमांक त्याच्याही बराच खाली लागतो. या छंदाची गोडी लावणारे लोक नवख्याला गरुडाची आणि रोहित पक्ष्यांच्या थव्यांची छायाचित्रे दाखवून आत ओढतात, आणि मग पहाटे एका उंच झाडाखाली उभे करून, मान मागे टाकायला लावून, शेंड्याकडे बोट दाखवत विचारतात, "दिसला का?" तेव्हा वस्तुस्थिती सुरुवातीलाच सांगितलेली बरी.

ज्याच्याविषयी हा प्रश्न असतो तो बहुतेक वेळा पर्णवटवट्या असतो. पाठ हिरवट, पोट फिकट, वजन सात-आठ ग्रॅम, आणि स्वभाव असा की अडीच सेकंदांहून अधिक काळ एका जागी बसणे त्याला कमीपणाचे वाटत असावे. पानांमध्ये राहतो, पानांच्या रंगाचा असतो आणि पानाएवढाच असतो. हे तीन गुण एकत्र आल्यावर त्याला पाहणे म्हणजे काय हे तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांनाच विचारावे लागेल.

हे पक्षी रात्री उडतात. दिवसा उन्हात तापणे नको, शिकारी पक्ष्यांची भीती नको, आणि दिशा दाखवायला तारे हजर, असा त्यात सुज्ञ विचार आहे. पहाट झाली की खाली उतरून पोट भरणे भाग असते, आणि खाली तर मैलोगणती सिमेंट पसरलेले. त्या करड्या पसाऱ्यात एखादी बाग हिरवी दिसली की आसमंतातले सगळे प्रवासी तिच्यातच उतरतात. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये दोनशेहून अधिक जातींच्या नोंदी आहेत त्या याच कारणाने. लांबच्या उड्डाणाआधी काही लहान पक्षी चरबी साठवून आपले वजन जवळजवळ दुप्पट करतात, म्हणजे बागेतला त्यांचा मुक्काम हा निव्वळ जेवणाचा कार्यक्रम असतो. कोवळ्या पालवीवर अळ्या असतात, पालवी शेंड्याला असते, म्हणून पक्षीही शेंड्यालाच असतो. ज्या ऋतूत पक्षी येतात नेमक्या त्याच ऋतूत झाडांना भरघोस पाने फुटावीत, ही योजना ज्याने कोणी केली त्याने पक्षिनिरीक्षकांचा क्षणभरही विचार केलेला नाही.

आमच्या गटाचे नेतृत्व ज्यांच्याकडे आहे त्यांना सगळे सर म्हणतात. सरांना पक्षी दिसतो, ही अडचण नाही; तो इतरांनाही दिसलाच पाहिजे असा त्यांचा आग्रह असतो. "जाड फांदी जिथे दुभंगते ना, तिथून डावीकडे या. एक पिवळं पान दिसतंय? त्याच्या मागे, घड्याळात दोनच्या दिशेला." त्या झाडावर पिवळी पाने शेकड्यांनी असतात, आणि दोनची दिशा हीदेखील आता सर्वमान्य गोष्ट राहिलेली नाही, कारण गटातल्या शाळकरी मुलाच्या मनगटावरच्या घड्याळाला काटेच नाहीत. १९६०च्या दशकात स्टीफन एमलेन यांनी तारांगणातल्या कृत्रिम आकाशाखाली पक्षी ठेवून असे दाखवून दिले की, ज्या भागाभोवती तारे फिरतात तो भाग हेरून पक्षी उत्तर दिशा ओळखतात. पंखांवर सबंध प्रवास पेलणाऱ्या त्या जिवाला अंधारात उत्तर सापडते, आणि आम्हा दहा-बारा सुशिक्षितांना भर उजेडात एक पिवळे पान सापडत नाही.

दुर्बीण यात मदत करते असा समज आहे. माझी दुर्बीण आठ गुणिले बेचाळीसची आहे, म्हणजे ती वस्तू आठपट मोठी दाखवते आणि तिच्या पुढच्या भिंगाचा व्यास बेचाळीस मिलिमीटर आहे. आठपट मोठी झालेली पाने पाहण्याचा अनुभव ज्याने घेतला आहे त्यालाच कळेल की साध्या डोळ्यांनी जे झाड केवळ दाट वाटते, ते दुर्बिणीतून अभेद्य वाटते. पक्षी साध्या डोळ्याला हलताना जाणवतो. नजर तिथेच ठेवून दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणायची, चक्र फिरवून चित्र स्पष्ट करायचे, आणि मग नुकत्याच मोकळ्या झालेल्या, अजून किंचित झुलत असलेल्या डहाळीचे स्पष्ट चित्र पाहायचे.

अशा वेळी "दिसला का?" या प्रश्नाला काय उत्तर द्यायचे, यावर माणसाची गटातली पत ठरते. काही जण प्रश्न पुरा होण्याच्या आतच "हो, हो, काय सुंदर!" म्हणतात, त्यांच्या दुर्बिणीला पुढची टोपणे अजून तशीच असतात, पण कोणी ते काढत नाही, टोपणे आणि विषय दोन्ही. काही जण "शेपटी दिसली" असा मध्यममार्ग काढतात. प्रामाणिकपणे "नाही" म्हणणे पहिल्यांदा खपते. वारंवार म्हटले की मात्र आपण सार्वजनिक जबाबदारी होतो. कोणी आपली महागडी दुर्बीण आपल्या गळ्यात अडकवतो, कोणी मागून खांदे धरून आपल्याला योग्य दिशेला वळवतो, आणि एक काकू तर हनुवटीला हात लावून मान वर करून देतात. त्या मानेविषयी एवढेच सांगतो की इंग्रजी बोलणाऱ्या पक्षिनिरीक्षकांनी मानेच्या या दुखण्याला वटवट्यांचेच नाव दिले आहे, यावरून त्याचा प्रसार लक्षात यावा.

समजा, दिसला. मग तो कोणता, हा प्रश्न येतो. ह्यूमचा, टिकेलचा की ब्लिथचा? ज्यांची नावे या पक्ष्यांना मिळाली ती माणसे त्यांच्याइतकी एकसारखी मुळीच नव्हती: ब्लिथ हे कलकत्त्याच्या संग्रहालयाचे अभिरक्षक, टिकेल सैन्यातले अधिकारी, आणि ह्यूम तर १८८५ साली काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे. या ह्यूमसाहेबांनी वर्षानुवर्षे जमवलेली पक्ष्यांवरची हस्तलिखिते रद्दीत विकली गेली आणि त्यांनी पक्षिशास्त्रातून अंग काढून घेतले. पर्णवटवट्यांमधला फरक समजून घेण्याचा प्रयत्न केल्यापासून मला तो प्रसंग सर्वस्वी दुःखद वाटेनासा झाला आहे. अमक्याच्या पंखावर एक फिकट पट्टी, तमक्याच्या पंखावर दोन, असे पुस्तकात लिहिलेले असते. पण पिसे हिवाळाभर वापरून झिजतात आणि वसंतापर्यंत ती पट्टी पुसट होते, कधी नाहीशीही होते. मग पायांचा रंग पाहा, असा सल्ला मिळतो. सात ग्रॅमच्या पक्ष्याचे पाय, चार मजले उंचीवर, पानाआड. अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या गिल्बर्ट व्हाइट या पाद्र्याने तिथल्या तीन पर्णवटवट्यांमधला फरक मुख्यतः त्यांच्या गाण्यावरून ओळखला. हा मार्ग मला पटतो, कारण ऐकण्यासाठी मान वर करावी लागत नाही.

शहरी बागेची स्वतःची अशी एक अडचण असते: प्रत्येक झाडामागे कोणाची तरी खिडकी असते. एकदा सरांनी दाखवलेला वटवट्या नेमका अशा रेषेत बसला की आम्हा सर्वांच्या दुर्बिणी चौथ्या मजल्यावर दात घासत उभ्या असलेल्या एका गृहस्थांवर रोखल्या गेल्या. त्यांनी ब्रश तोंडातच ठेवून आमच्याकडे पाहिले, आत जाऊन चष्मा लावून आले, पुन्हा पाहिले, आणि पडदा ओढून घेतला. पडद्याच्या फटीतून ते आमचे निरीक्षण करत राहिले. त्यांच्या नोंदी आमच्यापेक्षा नक्कीच तपशीलवार झाल्या असतील.

बागेत फिरायला येणाऱ्यांचे कुतूहल हाही एक भाग आहे. झाडाकडे टक लावून उभा असलेला जमाव पाहिला की कोणालाही थांबावेसे वाटते. गेल्या हंगामात असेच एक आजोबा भरभर चालत येऊन गटाच्या शेवटच्या माणसाला विचारते झाले, "काय आहे हो तिथं?" शेवटचा माणूस, पक्षी उडू नये म्हणून, अगदी दबक्या आवाजात म्हणाला, "वटवट्या." आजोबांना थोडे कमी ऐकू येत असावे. "बिबट्या?" एवढेच ते म्हणाले आणि आले त्याहून दुप्पट वेगाने परत फिरले. पुढच्या काही मिनिटांत धावणारे, चालणारे, प्राणायाम करणारे आणि त्यांची कुत्री अशी सगळी मंडळी पायवाटेवरून नाहीशी झाली. आम्हाला यातले काहीच कळले नाही. आम्ही वर पाहत होतो.

बाग अशी रिकामी झाल्यावर वटवट्या आपण होऊन खाली आला. माझ्यापासून दीड हातावरच्या कुंपणाच्या झुडपावर तो बसला, इतका जवळ की दुर्बिणीचे चक्र शेवटपर्यंत फिरवूनही चित्र धूसरच राहिले आणि मला ती खाली घ्यावी लागली. डोळ्यावरची फिकट भुवई, खालच्या चोचीची पिवळसर छटा, आणि पंखावर पट्टीऐवजी उरलेला दोऱ्याएवढा पुसट पांढरा अंश. त्याने पानाच्या मागून एक हिरवी अळी ओढून काढली, डहाळीवर डावी-उजवी आपटली, गिळली आणि चोच दोन्ही बाजूंनी पुसली. सर्वांना दिसला. आणि इतका स्वच्छ दिसल्यामुळे तो कोणता याविषयी जे एकमत धूसर दिसत असताना होते, ते मोडले. सर म्हणाले हिरवट पर्णवटवट्या, काकू म्हणाल्या ह्यूमचा, आणि कॅमेरावाल्या गृहस्थांनी काढलेल्या शंभरएक छायाचित्रांतून असे सिद्ध झाले की झुडूप मेंदीचे आहे.

तेवढ्यात हातात काठी घेऊन बागेचा रखवालदार धावत आला. "बिबट्या कुठंय?" सरांनी त्याला शांतपणे, जीवशास्त्राच्या अंगाने, परिस्थिती समजावून सांगितली. रखवालदाराने दुर्बिणीशिवाय, मान वर न करता, झुडपाकडे एक नजर टाकली. "तो होय? तो रोज असतो की. पलीकडचा नळ गळतो ना, तिथं आंघोळीला येतो."

घरी येऊन मी ही नोंद पक्ष्यांच्या नोंदी जमवणाऱ्या एका संकेतस्थळावर टाकली. अशा नोंदी तपासणारे स्वयंसेवक असतात आणि ते अतिशय सभ्य भाषेत माणसाला घाम फोडतात. यांनी विचारले, की याच्यासारख्या दिसणाऱ्या इतर जाती आपण कशावरून वगळल्या, आणि छायाचित्र आहे का? मेंदीचे छायाचित्र पाठवण्यात अर्थ नव्हता. मी भुवई, चोच आणि पट्टी यांचे वर्णन लिहिले आणि भर म्हणून, हा पक्षी तिथे रोज येतो असे रखवालदाराचे म्हणणे आहे, हेही कळवले. त्यावर उलट टपाली उत्तर आले: पक्षी रोज येत असल्यास तो प्रथम कोणत्या तारखेला आला हे समजणे महत्त्वाचे आहे, तरी कृपया चौकशी करून कळवावे.

मी दुसऱ्या दिवशी नळाजवळ जाऊन रखवालदाराला विचारले. तो झाडलोट थांबवून म्हणाला, "तारीख कोण लिहून ठेवतंय साहेब? थंडी सरली आन् आला." तपासनीसांना मी हेच वाक्य पाठवले आहे. त्यांनी तापमान विचारले आहे.