आपला बुके वाटेत आहे

मावशी आमच्या घरापासून चालत बारा मिनिटांवर राहते. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं वाचून तुम्ही तेच म्हणणार जे बायको म्हणाली, "मग स्वतः जाऊन का नाही दिलास?"

याला उत्तर आहे. लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला भाचा स्वतः फुलं घेऊन गेला, तर फुलं जातात कोपऱ्यात आणि भाचा बसतो सोफ्यावर. मावशी अल्बम काढते. काका त्या अल्बममधल्या हयात नसलेल्या माणसांची आपल्याशी ओळख करून देतात. त्यात तो कामाचा दिवस. शिवाय मला मनात एक चित्र दिसत होतं : दार उघडलंय, समोर अनोळखी माणूस, हातात एवढा मोठा बुके, आणि ‘अगोबाई, कुणी पाठवला?’ म्हणून दोघांची तारांबळ. या चित्रापायी आदल्या रात्री मी फोन हातात घेतला.

साइटवर फोटो होता. लाल गुलाब, गुलाबी कार्नेशन, मधूनमधून जिप्सोफिलाचा पांढरा भुगा. गुच्छ असा की दारातून आडवा करून न्यावा लागेल. खाली तीन आकार : साधा, मोठा आणि भव्य. मी काटकसरीने साधा निवडला. वरचा फोटो मात्र तसाच राहिला. तो भव्यचा होता, हे त्याखालच्या मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. उपवर मुलाचा फोटो दाखवताना शेजारी देखणा भाऊ उभा करावा, तसला हा प्रकार. आणि हे फोटो नेहमी समोरून काढलेले असतात, कारण अशा गुच्छाला मागची बाजू नसते. मागे नुसती पानं.

त्याखाली आणखी एक वाक्य होतं : ‘उपलब्धतेनुसार फुले, रंग व फुलदाणी यांत बदल होऊ शकतो.’ म्हणजे फूल बदलेल, रंग बदलेल, फुलदाणीही बदलेल. कायम राहणार ती फक्त रक्कम. मी ‘मान्य आहे’वर टिचकी मारली. या जगात ‘मान्य नाही’ असं बटण मी अजून पाहिलेलं नाही.

मग आला फॉर्म. त्यात प्रेमाचा मजकूर लिहायला एक चौकोन आणि डिलिव्हरीच्या सूचना लिहायला दुसरा. दोन्ही एकाच मापाचे, एकाखाली एक, जुळ्या भावांसारखे. प्रेमाला १५० अक्षरांची मर्यादा होती. पन्नास वर्षांचा संसार १५० अक्षरांत बसवायचा म्हणजे वर्षाला तीन अक्षरं. मी आधी लिहिलं, ‘अर्धशतक नाबाद! आता शतक ठोका.’ बायको म्हणाली, "काका सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत." ते खोडलं. ‘पन्नास वर्षं एकमेकांना सांभाळून घेतल्याबद्दल’ लिहिलं. ती म्हणाली, "काकांनी कधी घेतलं?" तेही खोडलं. रात्री साडेअकराला दोघांच्या संमतीने ठराव मंजूर झाला : ‘तुमच्या संसाराचा सुगंध असाच दरवळत राहो.’ वाक्य बेताचंच आहे, मला कळतं. पण साडेअकरा वाजले होते.

सूचनांच्या चौकोनात मी मन लावून लिहिलं. तिथे काही खोडावं लागलं नाही. तेच माझं त्या रात्रीचं खरं लेखन.

‘पाठवणाऱ्याचे नाव’ या ठिकाणी लिहिलं, ‘तुमचा लाडका भाचा’. मावशीला भाचा मी एकटाच, त्यामुळे स्पर्धा नव्हती. वेळ निवडली दुपारी १ ते ४. शेवटी साइटने मावशीचा फोन नंबर मागितला. खाली आश्वासन : ‘सरप्राइज गुप्त ठेवले जाईल.’ नंबर सक्तीचा होता.

आता या साइटकडे स्वतःचं एकही फूल नसतं, हे मला नंतर कळलं. ती फक्त ऑर्डर गोळा करते, आपला वाटा कापून घेते आणि उरलेल्या पैशांनिशी ती ऑर्डर पत्त्याजवळच्या एखाद्या फुलवाल्याकडे ढकलते. युक्ती जुनीच आहे. १९१० साली अमेरिकेतल्या पंधरा फुलवाल्यांनी एकत्र येऊन ठरवलं की लांबच्या गावची ऑर्डर आली तर फुलं पाठवायची नाहीत, तार पाठवायची. तिथला गडी तिथलीच ताजी फुलं पोचवेल. संस्थेचं नावच ‘फ्लोरिस्ट्स टेलिग्राफ डिलिव्हरी’. हे पंधरा जण डोकेबाज होते यात वादच नाही. पण त्यांच्या डोळ्यांपुढे दूरच्या गावची माणसं होती. बारा मिनिटांवरच्या मावशीसाठी कुणी तार करेल, अशी शंका त्यांना आली नसावी. माझी ऑर्डर कुठल्या तरी दूरच्या संगणकात गेली, तिथे तिच्यातून कमिशन कापलं गेलं, आणि हलकी होऊन ती परत आली ती आमच्याच कोपऱ्यावरच्या फुलवाल्याकडे. मी रोज त्याच्यासमोरून जातो. तो मला नमस्कारही करतो.

"साहेब, दुकानात यायचं ना," तो नंतर मला म्हणाला. "त्या पैशात फोटोतला बुके होतो का? मी आपला बसवला." फुलवाल्यांच्या तोंडी हा ‘बसवला’ शब्द ऐकण्यासारखा असतो. कार्नेशन दोनच शिल्लक होते, गुलाब पाच. उरलेली जागा त्याने लिलीने बसवली. "लिली भारी फूल आहे, तुमचा फायदाच केला," असंही म्हणाला.

दुपारी फोनवर संदेश आला : ‘आपला बुके वाटेत आहे.’ नकाशावर एक छोटी दुचाकी दिसत होती. मी कामाचं सोडून तिच्याकडे बघत बसलो. दुचाकी मावशीच्या घराजवळ आली, थांबली, पुढे गेली, वळली, पुन्हा आली. अशी तिने वाढदिवसाच्या घराभोवती तीन प्रदक्षिणा घातल्या. मग माझा फोन वाजला.

"साहेब, फुलं आणलीत. इथे सूचना लिहिलीय, संसाराचा सुगंध दरवळत राहो. पण विंग कुठली ते नाय लिहिलं."

मला त्याचं कौतुक वाटलं. माणूस कार्ड वाचतो, भावना समजून घेतो! मी विंग सांगितली. तो कार्ड वाचतच नव्हता, हे माझ्या डोक्यात शिरायला आणखी दोन तास जायचे होते.

पाचव्या मिनिटाला मावशी. आवाज दबका. "ऐक, कुणीतरी माणूस फोन करतोय. म्हणतो, मॅडम तुमचं सरप्राइज आलंय, ओटीपी सांगा. आम्ही काही मागवलेलं नाही. फसवणूकवाले आजकाल फुलांचं निमित्त करतात. मी चांगलं झापलं आणि फोन ठेवला."

इथे माझ्या मनातल्या चित्राचा शेवट झाला. मला सांगावं लागलं की मावशी, ते सरप्राइज मी पाठवलंय, आणि ओटीपी माझ्याकडे आलाय. "मग तू ये ना घेऊन," मावशी म्हणाली. ओटीपी की फुलं, ते तिने स्पष्ट केलं नाही.

गुलाबाची मला कीव आली. जगाच्या बाजारात फिरणारे गुलाब बघा. केनियात किंवा इक्वेडोरमध्ये खुडायचे, कळी असतानाच. खुडल्यापासून थंडीत, दोन ते चार अंशांत. मग विमान. बरेचसे नेदरलँड्समधल्या आल्समीरच्या लिलावात जातात. तिथे भाव चढत नाही, घड्याळाच्या काट्यासारखा खाली उतरत जातो आणि जो पहिला बटण दाबेल त्याचा माल. एवढे समुद्र ओलांडूनही त्यांची एक पाकळी इकडची तिकडे होत नाही. आणि शेवटच्या दोनशे मीटरमध्ये, भर दुपारी, दुचाकीच्या मागे, ‘बी विंग म्हणजे पाण्याच्या टाकीच्या अलीकडे की पलीकडे’ या एका प्रश्नावर सगळं अडतं.

अखेर फुलं पोचली. मावशीचा पुन्हा फोन. "मिळाली रे. पण त्या माणसाने मेल्याने बेल किती वाजवावी! काका ताडकन उठून बसले."

मी चडफडलो. एवढ्या स्पष्ट सूचना लिहूनही!

"आणि फुलं थोडी कच्ची आहेत का रे? लिलीच्या तर निम्म्या कळ्याच आहेत." मी सांगितलं की मावशी, ते चांगलंच आहे, लिली कळीतच देतात, एकेक करून उमलते. (हे मला तेव्हा ठाऊक होतं, पण लिली कुठून आली हा प्रश्न कसा पडला नाही, देव जाणे. मान्य आहे, तेव्हा मी एका मीटिंगमध्ये होतो.) "सोबत एक पुडी आहे. पाण्यात विरघळवून द्यायची. काकांना रोज द्यायची का?" पुडी काकांची नव्हती, फुलांची होती. तिच्यात फुलांना खायला साखर असते, पाणी देठातून नीट चढावं म्हणून आम्ल असतं, आणि देठ तुंबवणाऱ्या जंतूंना मारायचं औषध. मी म्हटलं, पुडी फुलदाणीत घाल, देठांची टोकं तिरकी काप, पाण्यात बुडणारी पानं काढून टाक. मावशी म्हणाली, "म्हणजे भेट तू पाठवणार आणि कामं आम्हाला."

मग आवाज एकदम मऊ झाला. "पण काकांना तुझं कार्ड फार आवडलं हो. म्हणाले, पन्नास वर्षांत माझ्या मनातलं इतकं नेमकं कुणी लिहिलं नाही. त्यांनी ते दारावर चिकटवलंय."

मी भारावलो. वाक्य बेताचं आहे असं मला वाटत होतं, पण शेवटी मनापासून लिहिलेलं पोचतंच. संसाराचा सुगंध, थेट दारावर! मीटिंगमध्ये उरलेला वेळ मी जरा ताठ बसलो.

साडेतीनच्या सुमाराला फोटो आला आणि मी खुर्चीतून उठलो. फोटोत तीन गोष्टी दिसत होत्या. एक, फुलदाणी फळांच्या टोपलीला खेटून ठेवली होती. पिकत्या फळांतून इथिलीन वायू निघतो आणि कार्नेशन त्याने लगेच माना टाकतात. पण कार्नेशन दोनच, त्यांचं दुःख मी गिळलं असतं. दोन, चार मोठ्या लिली, त्यांतल्या दोन उमललेल्या, केशरी परागांनी लगडलेल्या. तीन, त्या परागांपासून वीतभर अंतरावर मन्याचं नाक.

मन्या म्हणजे मावशीचा बोका. (तो आज ठणठणीत आहे, हे इथेच सांगतो. उगाच तुमचा जीव टांगणीला नको.) लिली मांजरांना जालीम विष असते. पाकळी, पान, पराग, फुलदाणीतलं पाणीसुद्धा. अंगावर पडलेले पराग मांजराने चाटले तरी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, आणि लक्षणं दिसायची वाट बघत बसायचं नसतं, लगेच पशुवैद्याकडे पळायचं असतं. आम्ही मांजर पाळलं होतं तेव्हा हे एकदा ऐकलं होतं, आणि विसरता येत नाही अशा गोष्टींपैकी ते एक होतं. माझ्या साध्या आकाराच्या बुकेत चुकून काही भव्य असेल, तर ते हे.

मावशीला फोन लावला. व्यग्र. शुभेच्छा घेत असणार. पुन्हा व्यग्र. काकांचा फोन बंद, कारण झोपमोड झाल्यामुळे त्यांनी झोप पहिल्यापासून सुरू केली असणार. ऑफिसच्या फोनवरून लावला, तर मावशीने उचलला आणि "ओटीपी मिळणार नाही!" म्हणून आपटला.

मी पळत निघालो. वाटेत कोपऱ्यावरच्या फुलवाल्याने नमस्कार केला. त्या दिवशी मी तो घेतला नाही.

दोन जिने चढून मावशीच्या दारात पोचलो तेव्हा धाप लागली होती. दारावर, बरोब्बर डोळ्यांच्या उंचीवर, चिकटपट्टीने चारी कोपरे पक्के करून, गुलाबी वेलबुट्टीच्या किनारीचं ते कार्ड होतं. वर सोनेरी अक्षरांत ‘हार्दिक शुभेच्छा’. खाली, वळणदार अक्षरांत :

‘काका दुपारी झोपतात. बेल अजिबात वाजवू नये. दारावर हळूच टकटक करावी. गाडी फाटकाबाहेर लावावी. खूप खूप प्रेमासह, तुमचा लाडका भाचा.’

मी हळूच टकटक केली. आतून मावशीचा आवाज येत होता, ती कुणाला तरी बुकेचं वर्णन करून सांगत होती. पुन्हा टकटक केली, जरा जोरात. आत काहीतरी मऊ पायांनी टेबलावर चढल्याचा भास झाला. मी कार्डाकडे पाहिलं, बेलकडे पाहिलं, आणि अंगठा दाबला तो सोडलाच नाही.

आतून काका ओरडले, "कोण आहे रे तो? दारावर लिहिलेलं वाचता येत नाही का?"