एकही किल्ला नाही? अहो, किल्ले घेता घेताच तर हरला!

दरवर्षी शिवजयंतीच्या आसपास एक मेसेज फिरतो. मजकूर साधारण असा: औरंगजेब २७ वर्षं महाराष्ट्रात तळ ठोकून होता, तरी त्याला एकही किल्ला जिंकता आला नाही, मुघल सैनिक भित्रे होते, मराठे एकदिलाने लढले, शेवटी खजिना रिता झाला आणि बादशहा इथल्याच मातीत गेला. यंदा घरच्या ग्रुपवर तो तिसऱ्यांदा आला, तोही काकांकडून, म्हणून तिथे गप्प बसलो. शेवटचा तुकडा सोडला तर यातलं काहीच धड खरं नाही.

२७ चा आकडा आधी उरकू. बादशहाने दक्षिणेसाठी अजमेर सोडलं सप्टेंबर १६८१ मध्ये आणि तो अहमदनगरला वारला १७०७ मध्ये. म्हणजे साडेपंचवीस वर्षं. त्यातलाही मोठा काळ आदिलशाही आणि कुतुबशाही बुडवण्यात गेला. विजापूर १६८६ ला पडलं, गोवळकोंडा १६८७ ला.

आता "एकही किल्ला". नाशिकजवळच्या रामशेजने वर्षानुवर्षं मुघलांना दाद दिली नाही, त्या अभिमानातून हे वाक्य निघालं असावं. पण रायगड १६८९ ला पडला, शंभूराजांची हत्या झाली त्याच वर्षी. येसूबाई आणि लहानगे शाहू कैदेत गेले. राजाराम महाराज ज्या जिंजीला (आजच्या तमिळनाडूत) जाऊन राहिले होते, ती १६९८ ला पडली. मग ऐंशी ओलांडलेला बादशहा स्वतः गडांच्या मागे लागला. सातारा आणि परळी १७००, पन्हाळा १७०१, विशाळगड १७०२, सिंहगड १७०३, राजगड आणि तोरणा १७०४. नकाशावर बघाल तर ही जिंकणाऱ्याची यादी वाटेल.

हे गड घेतले कसे, ते बघा. साताऱ्याला किल्लेदार प्रयागजी प्रभू महिनोन्महिने लढत होते. मुघलांनी सुरुंग उडवले, तर एका स्फोटात तट बाहेरच्या बाजूला कोसळला आणि चढाईसाठी खाली दबा धरून बसलेली बादशहाचीच दोनेक हजार माणसं त्याखाली गाडली गेली. विशाळगडाला सहा महिने वेढा घातल्यावर गड लढवणाऱ्या परशुराम त्रिंबकांशी दोन लाख रुपयांवर सौदा झाला. आणि गड हाती आला कधी, तर जूनमध्ये! सह्याद्रीतला जून ज्याने पाहिलाय त्याला पुढचं सांगायला नको. तिथून पन्हाळा जेमतेम तीस मैल. ते अंतर कापायला शाही लष्कराला ३८ दिवस लागले. ओढ्यांना पूर, जनावरं मरतायत, सामान वाहून जातंय. या सगळ्या मोहिमेत खरोखर लढून घेतलेला गड म्हणावा तर तोरणा. बाकीचे बहुतेक पैसे मोजून घेतले.

मराठ्यांचा हिशेब त्यामुळे सोपा होता. पावसाळा तोंडावर येईपर्यंत गड झुंजवायचा, चांगली रक्कम ठरली की माणसं आणि हत्यारं घेऊन उतरायचं. बादशहाने किल्लेदार नेमला, नवं नाव दिलं (तोरण्याचं 'फुतूहुलगैब' केलं होतं), आणि तळ हलला की त्या किल्लेदाराला दाणागोटा कुठून मिळणार? त्यामुळे बादशहाच्या अखेरच्या एक-दोन वर्षांत आणि तो गेल्यावर लगेच यातले बरेचसे गड परत आले. म्हणजे बंगालचा महसूल दक्षिणेत यायचा आणि त्यातला काही भाग बादशहाच्याच हातून मराठ्यांच्या कमरेला लागायचा. हा एक मुद्दा कळला तरी त्या मेसेजची गरज उरत नाही.

"भित्रे" हा शब्द तर मला आपल्याच लोकांचा अपमान वाटतो. १६९५ मध्ये मराठा सेनापती संताजी घोरपड्यांनी कर्नाटकात दोड्डेरीला मुघल सरदार कासिमखानाला कोंडून उपाशी ठेवलं, ती काय भित्र्यांवर केलेली मर्दुमकी होती? दुखणं वेगळं होतं. जिंजीला वेढा घालून मुघल सरदार झुल्फिकारखान सात-आठ वर्षं बसून राहिला. त्या छावणीतल्या भीमसेन सक्सेनाने लिहून ठेवलंय की खानाने मनावर घेतलं असतं तर गड पहिल्याच दिवशी घेता आला असता, पण मोहीम लांबवण्याची सरदारांची रीतच आहे. खुद्द शाहजादा कामबक्ष राजाराम महाराजांशी आतून बोलणी करत होता; त्याला आपल्याच छावणीत अटक झाली. युद्ध संपवण्यात ज्यांचा काहीच फायदा नाही अशा लोकांच्या हाती बादशहाने युद्ध दिलं होतं.

"एकदिलाने"बद्दल काय बोलावं? संताजी आणि धनाजी जाधव हे दोन मराठा सेनानी एकमेकांवर चालून गेले. १६९७ मध्ये संताजींचा खून झाला, त्यात नाव घेतलं जातं म्हसवडच्या नागोजी मान्यांचं. कितीतरी मराठा घराणी वतनासाठी कधी इकडे, कधी तिकडे. राजाराम महाराजांनी ही भूक ओळखली आणि कामाला लावली: १६९१ मध्ये हणमंतराव घोरपड्यांना दिलेल्या लेखी आश्वासनात विजापूर, भागानगर (म्हणजे हैदराबाद), औरंगाबाद जिंकण्याचे टप्पे आहेत, आणि शेवटचा टप्पा चक्क दिल्ली. राजा पकडला, राजधानी घेतली, तरी लढणाऱ्यांचं पोट राजधानीवर अवलंबून नव्हतं. मग शरण यायचं कुणी?

आणि खजिना? तो रिता नव्हता: औरंगजेबानंतर गादीवर आलेल्या त्याच्या मुलाला, बहादूरशहाला, आग्र्याच्या किल्ल्यात कोट्यवधी रुपये मिळाले. टंचाई होती जहागिरींची, म्हणजे सरदारांना पगाराऐवजी महसुलासाठी द्यायच्या जमिनींची. विजापूर-गोवळकोंड्याचे आणि फुटून आलेले मराठे सरदार मनसबदार (मुघल दरबारचे हुद्देदार) झाले, पण त्यांना द्यायला वसूल होणारी जमीन नव्हती. जी होती तिथे मराठे आधीच चौथाई (महसुलाचा चौथा हिस्सा) घेऊन गेलेले. कागदावरची जहागीर खाऊन घोडदळ पोसता येत नाही, म्हणून सरदार सैन्य कमी ठेवू लागले आणि मराठ्यांशी गुपचूप तडजोडी करू लागले.

राजाराम महाराजांमागे लढा चालवणाऱ्या त्यांच्या पत्नी ताराबाईंची सात वर्षं नेमकी या पोकळ झालेल्या यंत्रणेवर घाव घालण्यात गेली. १७०६ मध्ये धनाजी गुजरातेत रतनपूरला मुघलांना झोडपत होते, तेव्हा थकलेला बादशहा अहमदनगरला मुक्कामाला होता. पुढे १७१९ मध्ये शाहूंचे पेशवे बाळाजी विश्वनाथांनी दक्षिणेच्या सहा सुभ्यांच्या (प्रांतांच्या) चौथाईच्या आणि सरदेशमुखीच्या (आणखी दहाव्या हिश्शाच्या) सनदा दिल्लीहून आणल्या. त्याच फेरीत येसूबाई सुटून साताऱ्याला आल्या, रायगड पडल्यानंतर तीस वर्षांनी.