पायाला बांधलेली चिठ्ठी

पक्षी सप्ताह आला की माझ्या फेसबुकवर ती पिवळ्या गळ्याची चिमणी हमखास येऊन बसते. लहानग्या सलीम अलींनी छऱ्याच्या बंदुकीनं पाडलेली, मग बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या (बीएनएचएस) मिलार्डसाहेबांनी ओळखून दिलेली. गोष्ट खरी आहे, गोडही आहे, पण सांगून सांगून तिची पिसं झडलीत. आणि शेवटी ठरलेलं वाक्य : ‘अशा रीतीने शिकारी मुलाचा पक्षीप्रेमी झाला.’

माझं भांडण त्या वाक्याशी आहे. सलीम अलींनी त्यानंतर बंदूक खाली ठेवलीच नाही. हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन ही संस्थानं पालथी घालताना ते पक्षी मारत होते, कातडी सोलत होते, कापूस भरून ठेवत होते. त्या काळी अभ्यासाची रीतच ती होती. आज आपल्याला ते पचत नाही, म्हणून आपण त्यांच्या आयुष्यातला एकच पक्षी मेलेला दाखवतो आणि पुढे सगळं प्रेमच प्रेम. प्रेम असेलही. पण संवर्धनाच्या कामी त्यांचं प्रेम आलं त्याहून जास्त एक क्षुल्लक वाटणारी वस्तू आली : मेलेल्या पक्ष्याच्या पायाला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी. तारीख, गाव, नर की मादी, कुणी मारला. बस.

ए. ओ. ह्यूम हे नाव आपण शाळेत काँग्रेसच्या स्थापनेपुरतं पाठ केलं. या माणसानं सिमल्याच्या आपल्या बंगल्यात ८० हजारांहून जास्त नमुने जमवले होते, पक्षी आणि अंडी धरून. त्यावरून भारतातल्या पक्ष्यांवर मोठा ग्रंथ लिहायचा बेत होता. सुमारे २५ वर्षांची टिपणं तयार होती. १८८४ च्या हिवाळ्यात साहेब बाहेरगावी असताना कुणा नोकरानं ते कागद उचलले आणि बाजारात रद्दीच्या भावानं विकून टाकले. सिमल्याच्या वाण्यांनी त्यात काय काय बांधून दिलं असेल, देव जाणे. ह्यूमचं मनच उडालं. दुसऱ्या वर्षी त्यानं सगळा संग्रह ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. पंचवीस वर्षांचं लिखाण गेलं, पण पक्ष्यांच्या पायांना बांधलेल्या चिठ्ठ्या तेवढ्या वाचल्या.

त्या वाचल्या म्हणून पुढची गोष्ट घडली.

१८७२ मध्ये ब्लेविट नावाच्या अधिकाऱ्यानं आजच्या छत्तीसगडच्या बाजूला एक छोटं घुबड मारलं. १८७३ मध्ये ह्यूमनं त्याला शास्त्रीय नाव दिलं. हाच आपला रानपिंगळा. पुढे आपल्या खानदेशात डेव्हिडसन नावाच्या कलेक्टरनं आणखी काही मिळवले. (कलेक्टर दोन्ही अर्थांनी : दिवसा महसूल, उरलेल्या वेळात पक्षी.) १८८४ नंतर मात्र पक्षी गायब. सगळ्या जगातल्या संग्रहांत मिळून मोजके सात नमुने. सलीम अली आणि अमेरिकन पक्षीतज्ज्ञ डिलन रिप्ली यांच्यासारख्यांनी शोधला, पण सापडला नाही.

या सगळ्यात एक आठवा नमुना होता. कर्नल मायनर्ट्झहागेन या बड्या ब्रिटिश पक्षीतज्ज्ञाचा. चिठ्ठीवर लिहिलेलं : मांडवी, गुजरात, १९१४. म्हणजे १८८४ नंतरचा एकमेव पुरावा! साहजिकच लोक तिकडेही शोधत राहिले.

नव्वदच्या दशकात पामेला रासमुसेन या अमेरिकन संशोधिकेनं हा आठवा नमुना बारकाईनं तपासला. एक्स-रे काढले, शिवण पाहिली. कातडं एकदा उसवून पुन्हा भरलेलं होतं. पण मूळ भरणाऱ्याच्या हाताचं वळण आत तसंच राहिलं होतं, आणि तो हात होता डेव्हिडसनचा. कर्नलसाहेबांनी म्युझियममधून डेव्हिडसनचा रानपिंगळा चोरला होता, जुनी चिठ्ठी काढली होती आणि आपल्या नावाची खोटी बांधली होती. असे बरेच नमुने त्यांनी ढापल्याचं नंतर उघड झालं. इतका नावाजलेला माणूस, सलीम अलींबरोबर अफगाणिस्तानात पक्षी पाहत हिंडलेला!

रासमुसेनबाईंनी काय केलं, तर ती खोटी चिठ्ठी बाजूला ठेवली आणि खऱ्या चिठ्ठ्यांवरची गावं धरून बेन किंग आणि डेव्हिड अॅबट यांच्यासोबत भारतात आल्या. पूर्वेकडच्या जागा आधी पाहिल्या, काही नाही. मग खानदेश. २५ नोव्हेंबर १९९७, शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याला, भर दिवसा झाडावर बसलेला रानपिंगळा. ११३ वर्षांनी! नंतर तो मेळघाटात दिसला, तोरणमाळला दिसला, तानसाच्या जंगलातही सापडला. अभ्यास झाला, घरटी पाहिली गेली, आणि आता कुठल्या जंगलाला हात लावायचा नाही हे निदान सांगता तरी येतं. जो पक्षी कुठे राहतो हेच माहीत नाही, त्याला वाचवणार कसं?

असंच अंड्यांचं. ब्रिटनमध्ये पक्ष्यांची अंडी चोरणं हा एकेकाळी सभ्य गृहस्थांचा छंद होता. कवचाला बारीक भोक पाडायचं, आतलं फुंकून काढायचं, कापसावर मांडायचं, खाली तारीख. मला विचाराल तर हा शुद्ध अडाणीपणा. पण बहिरी ससाण्याची संख्या घटायला लागली तेव्हा डेरेक रॅटक्लिफ या ब्रिटिश शास्त्रज्ञानं ह्याच कपाटांतली कवचं मोजली आणि वजनं केली. १९४७ च्या सुमारापासून ती पातळ झाली होती. अंडी आईच्याच वजनानं फुटत होती. कारण डीडीटी हे कीटकनाशक. १९६७ मध्ये हे छापून आलं, १९७२ मध्ये अमेरिकेनं डीडीटीवर बंदी आणली. अंडीचोरांनी ससाणा वाचवला असं मी म्हणणार नाही. त्यांनी तारीख खरी लिहिली होती, एवढंच म्हणेन.

आपल्या गिधाडांचंही तेच. विभू प्रकाश यांनी ऐंशीच्या दशकात भरतपूरला गिधाडं मोजून ठेवली होती. तेव्हा गिधाडं कावळ्यासारखी होती, कोण मोजतं? दहा वर्षांनी तो आकडा हाताशी नसता तर गिधाडं कमी झाली हे ‘आमच्या लहानपणी खूप असायची’ यापलीकडे कुणाला सिद्ध करता आलं नसतं. गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकामुळे, मेलेली गुरं खाऊन गिधाडं मरतात, हे पुढे कळलं. जनावरांसाठी ते वापरायला बंदी २००६ मध्ये आली.

आणि ‘पायोनियर’ म्हणून फक्त साहेबांच्या तसबिरी लावायच्या, हेही मला खटकतं. जेरडनचा धाविक हा पक्षी १९०० नंतर कुणी पाहिला नव्हता. १९८६ मध्ये आंध्रात कडप्पाच्या झुडपी रानात तो सापडला. बीएनएचएसचे भरत भूषण शोधत होते, पण रात्री बॅटरीच्या उजेडात पक्षी हातात धरला तो ऐतन्ना नावाच्या तिथल्या पारध्यानं. त्या शोधापायी पुढे लंकामल्लेश्वर अभयारण्य झालं, कालव्याची आखणी बदलावी लागली. बीएनएचएसच्या रिंगिंगमध्ये (पक्षी पकडून, पायात खुणेचं कडं घालून सोडण्याच्या कामात) बिहारचे मीरशिकार, म्हणजे पिढीजात पक्षी पकडणारे, अली हुसेन यांनी किती पक्षी इजा न होता पकडून दिले असतील, त्याला मोजदाद नाही. आमच्या पक्षी सप्ताहाच्या बॅनरवर या दोघांपैकी एकाला तरी कुणी पाहिलंय?

आता आपलं. बंदुका गेल्या, लेन्स आल्या, फार बरं झालं. फोटो असा की डोळ्यातलं प्रतिबिंब मोजून घ्यावं. खाली काय? ‘मॉर्निंग व्हाइब्ज.’ गाव नाही, तारीख नाही. काही महाभाग तर मागच्या वर्षीचा फोटो या वर्षी ‘आजच दिसला’ म्हणून टाकतात. मायनर्ट्झहागेनचेच पणतू! घरट्याची जागा जाहीर करू नका हे मला शंभर टक्के मान्य आहे, दुर्मिळ पक्ष्यांच्या बाबतीत तर मुळीच नको. पण जगापासून लपवणं वेगळं आणि स्वतःच्या वहीतही न लिहिणं वेगळं.

शहाणपणा शिकवतोय असं वाटेल, म्हणून माझंही सांगतो. दोन वर्षांपूर्वी एका पाणवठ्यावरची यादी मी घरी येऊन, तिसऱ्या दिवशी, सोफ्यावर पडून पक्षीनोंदींच्या अॅपमध्ये भरली. नकाशावरची टाचणी माझ्या सोसायटीवरच राहिली. आठवडाभरात तपासनिसाचा नम्र मेल : ‘आपल्या इमारतीत चाळीस चक्रवाक दिसले, याची कृपया खात्री कराल का?’

ती चूक दुरुस्त झाली. मग उत्साहात कॉलेजच्या काळातली पक्ष्यांची वही काढली, म्हटलं जुन्या नोंदीही भरू. पहिल्याच पानावर निळ्या शाईत, माझ्याच अक्षरात : ‘घुबड. लहान. मोठ्या झाडावर. मस्त!’ खाली दुहेरी अधोरेखा. झाड कुठलं, गाव कुठलं, साल कुठलं, मलाच आठवत नाही.